नखांना लागलेला रंग

अन्याय झाला माझ्या भाचीवर. गेल्या वर्षी, बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी, दवाखाना बंद व्हायच्या जरा आधी. ती सहा वर्षांची होती. जागा म्हणाल तर डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या बाजूचा एक छोटा खासगी दवाखाना. डॉक्टरचं नाव मी लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं की वाचणारा त्याला दोन शिव्या घालून मोकळा होतो आणि बाकीचे सगळे सुटतात. मला कुणालाच सोडायचं नाहीये.

माझी ताई तिला घेऊन गेलेली. तक्रार साधी होती. पोरगी जिना चढली की धापा टाकते, खेळता खेळता मध्येच खाली बसते, आणि तिची नखं निळी दिसतात. डॉक्टरने नखं बघितली. मग ताईला विचारलं, "मिस्टर कुठे कामाला?"

"डाय फॅक्टरीत. एमआयडीसीत."

"मग?" डॉक्टर म्हणाला. "कपडे वेगळे धुवा त्यांचे. लिंबू घासा नखांवर. रंग आहे तो."

भाची म्हणाली, "मी नाय हात लावत पप्पांच्या कपड्यांना."

डॉक्टर हसला. स्पिरिटचा कापूस तिच्या अंगठ्यावर फिरवला, रक्त वाढायचं टॉनिक दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. गळ्यात नळी लटकत होती त्याच्या. ती पोरीच्या छातीला लागली नाही. एवढंच झालं. आरडाओरडा नाही, अपमान नाही. अन्याय असाच होतो बहुतेक वेळा, दोन मिनिटांत, हसत हसत.

आता तुम्ही म्हणाल, आईबापाला कळत नव्हतं का? तर ऐका, ते राहतात कुठे. डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या अंगाला, एका चाळीत. चाळ तिथल्याच जुन्या गाववाल्यांची. पूर्वी त्यांची शेतं होती, आता खोल्या आहेत. भाऊजी रंगाच्या कारखान्यात. तिथला माणूस घरी येतो तेव्हा त्याची भुवई निळी असते, कानाच्या मागे निळं असतं, घाम पुसला की टॉवेल निळा. नखांच्या कडेला तर रंग कायमचा. लग्नात हळद लागली तरी बोटं निळीच राहिलेली त्यांची, फोटोत दिसतात. त्या चाळीत निम्म्या घरांत असाच एकेक माणूस आहे. कुणी पिवळा, कुणी लाल. कुणाचा नवरा कुठल्या खात्यात आहे ते दोरीवरच्या बनियनवरून कळतं. रंग लागणं ही तिथे बातमीच नाही.

म्हणून पोरीची नखं निळसर दिसायला लागली तेव्हा सगळ्यांना कारण आधीच माहीत होतं. घरमालकाची म्हातारी आई अंगणात मासे साफ करत बसायची. भाची तिच्यासमोर उकिडवी, गुडघे छातीला लावून, तासन् तास. म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडायची, "बापानी पोरीला पन रंगवलीन गो!" बायका हसायच्या. भाचीही हसायची. तिला ती म्हातारी आवडायची, कारण ती माशाच्या पोटातलं सगळं दाखवायची. हे कल्ले, हा फुगा, हे काळीज. एवढंसं, चिंचोक्याएवढं.

ते उकिडवं बसणं आम्हा सगळ्यांना गोड वाटायचं. दोरीच्या उड्या मारता मारता ही मध्येच खाली बसणार, थोडा वेळ तशीच राहणार, मग उठून परत उड्या. "आली आमची बेडकी," ताई म्हणायची. कुणी शिकवलं नव्हतं तिला ते. तिच्या शरीराने स्वतः शोधून काढलेलं औषध होतं ते, आणि आम्ही त्याला लाडाचं नाव ठेवलेलं.

दवाखान्यातून आल्यावर त्याच संध्याकाळी ताईला चैन पडेना. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात होता. तिने तो पोरीच्या बोटाला लावला. आकडा आला सत्तरच्या घरात. ताई घाबरली. तिला आठवत होतं, त्या दिवसांत नव्वदच्या खाली गेलं की लोक अॅम्ब्युलन्स शोधत फिरायचे. तेवढ्यात भाऊजी कामावरून आले.

"मशीन खराब झालंय," ते म्हणाले. "थांब, मला लाव." त्यांच्या निळ्या बोटावर आकडा आला ऐंशीच्या जरा वर. मग शेजारचा लाल रंगवाला आला, त्याने लावला, त्याचा ठीक आला. ताईचा एकदम चोख आला. भाऊजी म्हणाले, "बघ, बोललो ना? निळ्याला फसतंय ते. मी मेलोय काय? दोन मजले चढून आलोय आत्ता."

आणि गंमत बघा, भाऊजी चुकीचं बोलत नव्हते. ते यंत्र बोटातून उजेड आरपार सोडतं आणि रक्त किती लाल आहे ते ओळखतं. नखावर निळा रंग असेल तर ते खरंच फसतं. करोनात नेलपॉलिश काढा म्हणून सांगायचे ते याचसाठी. बापाच्या बोटावर यंत्र खोटं बोललं, म्हणून मुलीच्या बोटावर ते खरं बोललं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. जगात दुसऱ्या कुठल्या घरात अशी चूक झाली असती मला सांगा. रंगाच्या कारखान्याच्या सावलीतच ती होऊ शकते.

"दोघं बापलेक सेम टू सेम," शेजारचा म्हणाला, आणि यंत्र परत कपाटात गेलं.

सुट्टी लागलेली होती. ताईने पोरीला आमच्याकडे ठाण्यात कोपरीला पाठवलं. रंगापासून लांब राहिली की उतरेल, असा हिशेब. माझी आई कामालाच लागली. बेसन, हळद, लिंबू, चिंच. रोज सकाळी मोरीपाशी बसवून घासायची. नखांच्या भोवतीची कातडी सोलवटली, लाल झाली. नख तसंच. वर बीटाचा रस. "रक्तच नाही पोरीत," आई म्हणायची. नंतर कळलं ते उलटं होतं. त्या पोरीच्या अंगात रक्त गरजेपेक्षा जास्त होतं. प्राणवायू पुरत नाही म्हटल्यावर शरीर वेड्यासारखं तांबड्या पेशी बनवत सुटतं. रक्त दाट होत जातं, काकवीसारखं. आणि आम्ही वरून बीट.

मी काय करत होते? मी संघटनेत आहे. पत्रकं लिहिते, सह्या गोळा करते, साहेबांच्या केबिनबाहेर बसून राहते. आणि संध्याकाळी विहाराशेजारच्या अभ्यासिकेत दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. सुट्टीत पुढच्या वर्षीची तयारी चालू होती आणि त्या आठवड्यात धडा होता रक्ताभिसरणाचा. हे मी मुद्दाम जुळवून लिहीत नाहीये. तसंच होतं, म्हणून तर इतकं झोंबतं.

मला पुस्तकातल्या आकृत्या आवडत नाहीत. अर्धं हृदय लाल, अर्धं निळं छापतात आणि मुलांना वाटतं आपल्या अंगात खरंच निळं रक्त वाहतं. रक्त निळं कधीच नसतं. भरलेलं असलं तर भडक लाल, रिकामं असलं तर काळपट लाल. म्हणून मी चिकनवाल्याकडून पाच-सहा हृदयं आणली. तो त्यांना 'दिल' म्हणतो. "मॅडम, दिल फुकट घेऊन जा," दर वेळी हाच विनोद. एक रोहूचंही मिळवलं. वर्तमानपत्रावर मांडली सगळी आणि ब्लेडने चिरली.

भाची माझ्या पायाशी उकिडवी बसून बघत होती.

मी सांगितलं, माशाचं हृदय दोन खोल्यांचं. एक घेणारी, एक ढकलणारी. रक्त हृदयातून कल्ल्यांत जातं, तिथे पाण्यातला प्राणवायू घेतं, आणि तसंच पुढे सगळ्या अंगात. एकच फेरी. पण कल्ल्यांतल्या बारीक नळ्यांतून जाताना जोर संपतो, म्हणून पुढे ते हळू वाहतं. माशाला चालतं. पाणी त्याला उचलून धरतं. मग फळ्यावर बेडूक काढला. वर दोन खोल्या, खाली एकच. फुप्फुसातून आलेलं ताजं आणि अंगातून आलेलं वापरलेलं, दोन्ही खालच्या खोलीत येतात आणि थोडंफार मिसळतात. बेडकाला तेही चालतं, कारण तो ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. पालीच्या आणि सापाच्या हृदयात अर्धी भिंत असते. मगरीत पूर्ण. आणि कोंबडीत, गाईत, तुमच्या-माझ्यात, पूर्ण भिंत. चार खोल्या, दोन फेऱ्या. उजवी बाजू वापरलेलं रक्त फुप्फुसाकडे पाठवते, डावी बाजू ताजं रक्त अंगभर. दोघी शेजारी राहतात, एकाच ठेक्यावर काम करतात, पण एकमेकींच्या घरात जात नाहीत. मी कोंबडीच्या हृदयातली ती जाड भिंत ब्लेडच्या टोकाने दाखवली.

"मॅडम, माणसाच्या या भिंतीला भोक असलं तर?" एका मुलीने विचारलं.

"तर बेडूक," मागून एकजण म्हणाला, आणि हशा.

"तर काळपट रक्त अंगभर जाईल," मी म्हणाले. "ओठ, नखं निळी पडतील."

"तुमच्या भाचीसारखी?"

"ए, तो तिच्या पप्पांचा रंग आहे," मी म्हणाले. आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई तिच्यावर खेकसली. "गोळा खाल्लास ना? कालाखट्टा? जीभ दाखव!" जीभ जांभळी होती.

"नाय खाल्ला आज्जी."

"खोटं बोलतेस? जिभेवर दिसतोय गोळा आणि खोटं बोलतेस? कुणी दिले पैसे?"

"नाय खाल्ला! शप्पथ नाय खाल्ला!"

ती रडायला लागली. साधं रडणं नव्हतं ते, खोटारडी ठरवल्याचं रडणं, जीव तोडून. आणि रडता रडता तिचा रंग बदलला. ओठ आधी जांभळे, मग शाईसारखे. डोळे मोठे. हवा आत घेतेय, घेतेय, आणि पोचत नाहीये कुठेच. ती उकिडवी बसायला गेली आणि कलंडली. मी तिला उचलली तेव्हा तिचे तळपाय दिसले. पायाची बोटंही निळी होती. पायाच्या बोटांना कुठल्या बापाचा रंग लागतो? जिभेला लागतो?

रिक्षा स्टेशनच्या पुलाला वळसा घालून नौपाड्यात पोचेपर्यंत मी तिला गुडघे पोटाशी दाबून धरलं होतं. मुद्दाम नाही. मांडीवर ती तशीच मावली. नौपाड्यातले म्हातारे बालरोगतज्ज्ञ, आम्ही लहान असताना मला आणि ताईला तेच बघायचे. त्यांनी आधी प्राणवायू लावला, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गुडघे असेच धरून ठेव. सोडू नकोस." पोरीचा रंग हळूहळू परत आला, म्हणजे तिचा नेहमीचा निळसर रंग. मग त्यांनी छातीला नळी लावली. बराच वेळ. बोटांची टोकं दाबून बघितली. टोकं फुगलेली होती, ढोलाच्या टिपरीसारखी. रोज बघत होतो आम्ही ती बोटं, रोज घासत होतो.

"कधीपासून आहे हे?"

"रंग आहे म्हणाले दवाखान्यात," मी म्हणाले. "वडील डाय फॅक्टरीत आहेत हिचे."

त्यांनी चष्मा काढला. "अगं, रंगाने बोटं फुगतात का? छातीत आवाज होतोय हिच्या. बहिऱ्यालाही ऐकू येईल असा आवाज. कुणीच नळी लावली नाही का सहा वर्षांत?"

लावली असेल. लावल्यासारखी केली असेल. लस टोचताना, शाळेच्या तपासणीत, रांगेत उभं करून शर्टावरूनच. कोण सांगणार?

सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी असते, ती झाली. ताई-भाऊजी डोंबिवलीहून आलेले. म्हाताऱ्या डॉक्टरांनी स्वतःची मूठ पुढे धरून समजावलं. खालच्या दोन खोल्यांच्या भिंतीला मोठं भोक आहे. फुप्फुसाकडे जाणारं दार जन्मापासून अरुंद आहे, त्यामुळे उजव्या बाजूचं काळपट रक्त फुप्फुसात जायला अडतं आणि भोकातून सरळ अंगाकडे निसटतं. उकिडवं बसलं की मांड्यांतल्या रक्तवाहिन्या दुमडतात, अंगाची वाट थोडी अडते, मग रक्त नाइलाजाने फुप्फुसाच्या अरुंद दाराकडे वळतं. म्हणून ती बसायची.

ताई तोंडावर पदर धरून उभी होती. भाऊजींनी एकच विचारलं, "म्हणजे माझा रंग नाही ना तिच्यात?"

"नाही हो. तुमचा काही संबंध नाही."

आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर, क्षणभर का होईना, सुटका दिसली. सहा वर्षं तो मनात म्हणत आलेला, मी विष घरी आणतो, माझी पोरगी माझ्यामुळे निळी. कुणाला बोलला नव्हता. चाळ हसायची तेव्हा तोही हसायचा. त्या सुटकेचा राग यावा की रडू, मला आजही कळत नाही.

"ऑपरेशनने नीट होतं," डॉक्टर म्हणाले. "भोक बुजवतात, दार रुंद करतात. पण हे पहिल्या वर्षा-दीड वर्षातच व्हायला हवं होतं. जन्मल्यानंतर घरी सोडण्याआधी बाळाच्या हाताला आणि पायाला ते चिमट्याचं यंत्र, ऑक्सिमीटर, लावलं असतं तर बहुतेक तेव्हाच कळलं असतं. छातीतला आवाज तर होताच. आता उशीर नको. आणि एक लक्षात ठेवा, हिला तहानलेली ठेवू नका. ताप, उलट्या, जुलाब, काहीही झालं तरी धावत या. रक्त दाट आहे हिचं."

मग सुरू झालं थांबणं. जिथे विचारलं तिथे मुंबईकडे बोट. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात गेलो तर कॉरिडॉरभर निळी पोरं. नाशिकची, बीडची, बिहारची. कुणी आईच्या कडेवर, कुणी फरशीवर, आणि कितीतरी उकिडवी बसलेली. आमच्या पोरीला पहिल्यांदा स्वतःसारखं बसणारं कुणीतरी दिसलं. ती एका मुलासमोर जाऊन तशीच बसली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

मला भांडता येतं. तेवढं एकच येतं खरं तर. पण भांडायचं कुणाशी? तिथली डॉक्टरीण माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, डोळे तारवटलेले. "ताई, मी काय करू सांगा," ती म्हणाली. "बाहेर बसलेत त्यातल्या कुणाला उठवू?" तिच्यावर घोषणा चालत नाही. पहिली तारीख मिळाली तेव्हा पोरीला सर्दी-खोकला होता, परत पाठवलं. बरोबरच होतं ते, खोकल्यात भूल देत नाहीत. दुसऱ्या वेळी अतिदक्षतेत खाट रिकामी नव्हती. पावसाळा गेला. संघटनेतल्या दादांनी विचारलं, पत्रक काढायचं का तिच्यावर, फोटो टाकून? ताई म्हणाली, "माझी पोर भिंतीवर चिकटवू नका." नाही काढलं.

त्या दिवसांत मी अभ्यासिकेत तोच धडा पुन्हा शिकवला, नव्या मुलांना. मगरीपाशी अडले. मगरीचं हृदय आपल्यासारखंच चार खोल्यांचं, पण तिच्याकडे एक जादाची वाट असते. पाण्यात बुडी मारली की श्वास बंद, फुप्फुसाकडे रक्त पाठवून उपयोग नाही, म्हणून ती ते रक्त त्या वाटेने अंगाकडे वळवते. मनात येईल तेवढा वेळ खाली राहते, आणि मग वर येते. मुलं म्हणाली, भारी. मी खडू ठेवून दिला. आमची पोरगी जन्मापासून बुडी मारून बसलेली आणि तिला वर काढणाऱ्यांची तारीख मिळत नव्हती.

ऑक्टोबरच्या उन्हात, अशोक विजयादशमीच्या आठवड्यात, तिला उलट्या-जुलाब झाले. चाळीत त्या वेळी घरोघरी झालेले. पाण्याचा काहीतरी घोळ होता. ताईने मीठ-साखरेचं पाणी दिलं, पोरगी ते ओकून टाकत होती. दुपारी भाऊजींनी रिक्षा आणली. दवाखान्यात सलाइनची बाटली लागली. संध्याकाळी पोरगी झोपली, ताईला वाटलं उतार पडला. सकाळी ताईने पाण्याचा पेला पुढे केला. पोरीने उजवा हात उचलला नाही. ताई म्हणाली, "घे ना गं." पोरीने डाव्या हाताने घेतला. तोंडाच्या एका कोपऱ्यातून पाणी खाली आलं. "काय होतंय बाळा?" पोरगी बोलायला गेली आणि आवाज आला, शब्द आला नाही.

तिला तशीच मुंबईच्या त्या रुग्णालयात हलवली. पुढचं मला त्या तारवटलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आपल्या सगळ्यांच्या शिरांत कधीतरी बारीक गुठळी होते. ती हृदयाच्या उजव्या बाजूत येते, फुप्फुसात जाते, तिथल्या जाळीत अडकते, विरघळते. आपल्याला पत्ताही लागत नाही. फुप्फुस म्हणजे नुसता भाता नाही, गाळणीही आहे. हिच्या रक्ताला गाळणीतून जावंच लागत नव्हतं. पाणी आटून रक्त आणखी दाट झालं, गुठळी झाली, भिंतीतल्या भोकातून डावीकडे गेली आणि सरळ मेंदूत.

भाऊजी कॉरिडॉरमध्ये स्वतःच्या नखांकडे बघत बसलेले. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "रंगच असता तर बरं झालं असतं गं."

मेंदूला मार बसल्यावर लगेच हृदय उघडत नाहीत. आणखी थांबणं. थंडी सरता सरता एकदाचं ऑपरेशन झालं. उत्तम झालं, सगळे म्हणाले, आणि खरंच झालं. भोक बुजलं, दार रुंद झालं. अतिदक्षतेच्या काचेतून मी बघितलं तर पोरीची बोटं गुलाबी. सहा-सात वर्षांत पहिल्यांदा. ताई काचेला कपाळ टेकून रडली. नर्स म्हणाली, "रडताय काय, पेढे वाटा."

वाटले पेढे. खोटं कशाला बोलू, आम्हीही हसलो त्या दिवशी.

आता ती धावते. उजवा पाय जरा ओढत, पण धावते, आणि मध्येच बसत नाही. उजव्या हाताची नखं छान गुलाबी आहेत आणि तो हात मांडीवर पडून असतो, कुणी दुसऱ्याने विसरून ठेवल्यासारखा. शब्द थोडे परत आलेत. पाणी. आई. नको. मला 'माशी' म्हणते. शाळेत परत पहिलीतच बसवलंय. डाव्या हाताने क काढते, तो उलटा येतो, खोडते, परत काढते. फिजिओथेरपीवाली बाई म्हणते, येईल, वेळ लागेल. तिने मान खाली घालून सांगितलं. मी लोकांच्या माना वाचायला शिकलेय कार्यालयांबाहेर बसून. हात यायचा नाही तेवढा.

मी त्या मानपाड्याच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरला पोरगी आठवत नव्हती. भांडणार होते, पण बाकावर सात-आठ बायका पोरं घेऊन बसलेल्या आणि त्याचा चहा गार होत होता, आणि मला कळलं की मी ओरडले तरी तो पुढच्या पोराची नखंच बघणार आहे. ज्या प्रसूतिगृहात ती जन्मली तिथेही गेले. विचारलं, बाळांना घरी सोडताना हृदय तपासता का, ते चिमट्याचं यंत्र लावता का? सिस्टर म्हणाली, "कुणी मागत नाही हो." त्या वाक्याने मला जेवढा राग आला तेवढा कशानेच आला नाही, कारण ते खरं होतं. आम्ही काय मागितलं होतं तिथे? मुलगी की मुलगा, वजन किती, घरी कधी सोडणार. भिंतीला भोक असलेलं लेकरू टोपडं घालून घरी आणलं आणि बारशाला चाळ जेवली.

आमच्या पोरीसाठी आता कुणी काही करू शकत नाही. तिची फेरी सुरळीत चालू आहे, उजवीकडून फुप्फुसात, फुप्फुसातून डावीकडे, डावीकडून अंगभर, त्या निकामी हातापर्यंतसुद्धा. मला तिची दया नको, तुमच्याकडून तर मुळीच नको. तुमच्या घरात, शेजारी, कामवालीच्या घरी, कुठेतरी कुणी पोटुशी आहेच. बाळंतपणानंतर तिला घरी सोडतील त्या दिवशी तिच्यासोबत जा. बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला यंत्र लावून घ्या, छाती उघडी करून आवाज ऐकायला लावा, आणि तुमच्या डोळ्यांसमोर हे होईपर्यंत बाळ घेऊन त्या दारातून बाहेर पडू नका. सिस्टर वैतागेल, डॉक्टर घड्याळ बघेल, बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवेल. बसून राहा. मागा.